ज्याला कुबड्यांशिवाय चालता येत नव्हतं, त्यानं रबर पिळून विमान उडवलं : अल्फोन्स पेनोची गोष्ट

तारीख १८ ऑगस्ट १८७१. ठिकाण पॅरिसमधली त्विलरी बाग.

बागेला लागून असलेला राजवाडा तीनच महिन्यांपूर्वी जळून खाक झाला होता. आधी प्रशियाशी युद्ध, मग शहराला पडलेला वेढा, मग पॅरिस कम्यूनचं बंड आणि त्या बंडाच्या शेवटच्या आठवड्यात लागलेली आग. एवढं सगळं एका वर्षात सोसलेल्या शहरात, त्या काळवंडलेल्या भिंतींच्या शेजारी काही मंडळी जमली होती. माणसानं आकाशात कसं जायचं, हा त्यांचा आवडीचा विषय.

त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक पोरगा होता. त्याच्या हातात अर्धा मीटर लांबीची एक काठी. काठीवर कागदाइतके हलके पंख, मागे छोटी शेपटी आणि त्याच्याही मागे एक फिरता पंखा. वजन म्हणाल तर १६ ग्रॅम. आपली दहा रुपयांची दोन नाणी हातात घ्या, साधारण तेवढं.

पोरानं मागचा पंखा बोटानं गरागरा फिरवला, काठीखाली ताणलेल्या रबराला पीळ भरला आणि ते यंत्र हवेत सोडून दिलं. त्यानं फेकलं नाही, नुसतं सोडलं. यंत्र पुढे सरकलं, वर चढलं, डगमगलं तरी स्वतःच सावरलं आणि ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर अंतर कापून सावकाश खाली उतरलं.

स्वतःच्या ताकदीवर, कुणीही न धरता, तोल सांभाळत उडालेलं हे जगातलं पहिलं विमान मानलं जातं. राईट बंधूंच्या आधी ३२ वर्षं. त्या पोराचं नाव अल्फोन्स पेनो.

आता तुम्ही म्हणाल, हे तर खेळणं झालं. बरोबर आहे, खेळणंच होतं. पण त्या खेळण्यातलं रबर नीट समजून घेतलं, तर पेनोनं नेमकं काय केलं ते कळतं. आणि पुढे त्याचं काय चुकलं, खरं तर काळाचं काय चुकलं, तेही कळतं.

नौदलात जायचं होतं, पण पाय साथ देईनात

पेनोचा जन्म ३१ मे १८५० चा, पॅरिसमधला. घराणं नौदलातलं, वडील अ‍ॅडमिरल. अशा घरातल्या मुलानं पुढे काय करायचं हे जन्मायच्या आधीच ठरलेलं असतं. पण अल्फोन्सला खुब्याच्या सांध्याचा आजार जडला. कुबड्या घेऊन चालावं लागायचं. नौदलाचा रस्ता तिथंच बंद झाला.

जहाजावर जाता येत नाही म्हटल्यावर त्यानं हवेचा अभ्यास सुरू केला. पक्षी कसे उडतात, हवा पंखाला कशी उचलते, पडणारी वस्तू तोल का सांभाळते किंवा का सांभाळत नाही, हे प्रश्न त्याच्या डोक्यात फिरू लागले.

त्या काळी उडण्याचा एकच खात्रीचा मार्ग होता, तो म्हणजे बलून. पॅरिसच्या वेढ्यात टपाल आणि माणसं बाहेर काढायला बलूनच कामी आले. पण बलून वारा नेईल तिकडे जातो. हवेपेक्षा जड असलेलं यंत्र उडेल का, यावर मोठमोठे लोक नुसतेच वाद घालत होते. करून दाखवायला कुणाकडे काही नव्हतं, कारण इंजिन नव्हतं. वाफेचं इंजिन होतं, पण बॉयलर, पाणी आणि कोळसा घेऊन ते उडणार कसं?

छोट्या मॉडेललाही ताकद लागतेच. आधीच्या लोकांनी देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्टीचं धनुष्य करून पाहिलं होतं. १७८४ साली फ्रान्समध्ये लोनुआ आणि बियाँव्हेन्यू या जोडीनं तसं पिसांचं भिरभिरं उडवलं, पुढे इंग्लंडमध्ये जॉर्ज केलीनं तेच केलं. कुणी घड्याळातल्या पोलादी स्प्रिंगा वापरल्या. पण धनुष्य दोन-चार फेऱ्यांत संपतं आणि पोलाद वजनाला जड.

पेनोला हवं होतं असं काहीतरी, जे वजनाला हलकं, ताकदीला भारी आणि घरात सहज मिळणारं असेल.

रबर बँड तेव्हा पंचविशीतलाच होता

आज भाजीच्या जुडीपासून नोटांच्या गठ्ठ्यापर्यंत सगळीकडे दिसणारा रबर बँड तेव्हा तसा नवाच होता. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये गंधक मिसळून रबर तापवलं आणि ही खोड मोडली. त्यानंतर १८४५ मध्ये लंडनच्या स्टीफन पेरीनं रबर बँडचं पेटंट घेतलं.

रबर ताणून सोडलं की ते झटक्यात आखडतं. आपल्या बेचकीला ते ठीक आहे. पंखा फिरवायला तो झटका उपयोगाचा नाही. तिथं ताकद हळूहळू आणि गोल फिरत सुटायला हवी. पेनोची युक्ती अशी की त्यानं रबर ताणण्याऐवजी पिळलं. रबराचं एक टोक हुकाला पक्कं, दुसरं टोक पंख्याच्या दांडीला. पंखा उलटा फिरवून पीळ भरायचा आणि सोडायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं मात्र पीळ गेल्याशिवाय विमान पुढे जात नाही.

ऐकायला किती साधं वाटतं. पण वजनाच्या मानानं पाहिलं तर चांगलं रबर पोलादी स्प्रिंगेपेक्षा कितीतरी पट जास्त ऊर्जा साठवतं. त्याला गिअर लागत नाही, चाकं लागत नाहीत, तेलपाणीही जवळपास नाही. इंजिन, इंधन आणि टाकी सगळं एकाच वस्तूत.

एप्रिल १८७० मध्ये, म्हणजे विमानाच्याही आधी, त्यानं याच युक्तीवर हेलिकॉप्टर केलं. वर एक पंखा, खाली एक पंखा, मध्ये पिळलेलं रबर. रबर दोन्ही टोकांना उलट दिशांनी सुटतं, म्हणून दोन्ही पंखे विरुद्ध दिशेनं फिरतात आणि खेळणं स्वतःभोवती गरगरत बसत नाही. ते १५ मीटरपेक्षा उंच जायचं, कधी कधी २६ सेकंदांपर्यंत हवेत राहायचं. पुढे त्यानं पंख फडफडवणारा पक्षीही केला. त्यातही रबरच.

पण नाव झालं ते १८७१ च्या विमानानं. त्याला त्यानं प्लॅनोफोर म्हटलं. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ४५ सेंटीमीटर. एकूण १६ ग्रॅममधलं ५ ग्रॅम वजन एकट्या रबराचं, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा.

त्यातली खरी हुशारी मात्र शेपटीत होती. पंखांच्या मानानं शेपटी त्यानं किंचित उलट्या कलानं बसवली होती. विमानाचं नाक खाली गेलं की वेग वाढतो, वाढलेल्या वेगानं हवा शेपटीला खाली दाबते आणि नाक आपोआप वर येतं. नाक जास्त वर गेलं की वेग कमी होतो, शेपटीवरचा दाब घटतो आणि नाक पुन्हा खाली. पंखांची टोकं वर वळवलेली होती, त्यामुळे एका बाजूला कललेलं विमान परत सरळ व्हायचं. आत बसलेला कुणी नाही, हलणारे भाग नाहीत, तरी विमान स्वतःला सावरतं. जॉर्ज केलीला हे आधी उमगलं होतं, पेनोनं ते स्वतंत्रपणे शोधलं आणि मोटार लावून सिद्ध केलं. जानेवारी १८७२ मध्ये लाएरोनॉत या मासिकात त्यानं हे सगळं गणितासकट मांडलं. लोकांना दिसलं ते उडणारं खेळणं. पेनोला दाखवायचा होता तोल.

रबर नुसतं पिळून चालत नाही

पेनोनंतर ही युक्ती जगभर पसरली आणि दीडशे वर्षांत रबर तयार करण्याची एक वेगळीच कला झाली. आजही स्पर्धेत मॉडेल उडवणारे लोक विमानापेक्षा जास्त वेळ रबरावर घालवतात. त्यांचं काम बघितलं की पेनोच्या हातात किती नाजूक इंजिन होतं याचा अंदाज येतो.

दुकानातला गोल रबर बँड ते वापरत नाहीत. लांब, सपाट पट्टीचं रिळ आणतात. ती पट्टी चिकटू नये म्हणून तिला पावडर लावलेली असते. ती साबणाच्या पाण्यानं धुवायची, सावलीत वाळवायची. मग पट्टीचे वेढे घालून हवी तेवढी जाड लड करायची आणि टोकांना घट्ट गाठ मारायची.

किती जाड, हा पहिला पेच. लड जाड केली की पंखा जोरात फिरतो, पण पीळ कमी बसतात आणि मोटार लवकर संपते. लड बारीक आणि लांब केली की पीळ भरपूर बसतात, पण जोर कमी पडतो आणि विमान वर चढतच नाही. जोर हवा की वेळ, हे प्रत्येक विमानापुरतं ठरवावं लागतं. १६ ग्रॅमच्या विमानात ५ ग्रॅम रबर हे प्रमाण पेनोनं काढलं, ते याच ओढाताणीतून.

मग वंगण. पिळताना रबराचे पदर एकमेकांवर घासतात, तापतात आणि तुटतात. पूर्वी ग्लिसरीन आणि मऊ साबणाचं मिश्रण लावायचे, कुणी एरंडेल. आता बहुतेक जण सिलिकॉन तेल लावतात. खनिज तेल मात्र चुकूनही नाही, त्यानं रबर फुगतं आणि सडतं.

त्यानंतर रबराला सरावाला घालायचं. नवी लड एकदम पूर्ण पिळली तर दगा देते. म्हणून आधी ती हळूहळू चार-पाच पट ताणायची, थोडा वेळ धरायची, सोडायची, पुन्हा ताणायची. पहिल्या ताणात रबर थोडं सैल पडतं आणि मग दर वेळी सारखं वागतं. एखाद्या पदराला बारीक चीर असेल तर तीही इथंच दिसते.

उडवायच्या वेळी एकानं विमान धरायचं, दुसऱ्यानं लड चार-पाच पट ओढून मागे जायचं आणि हातड्रिलला हुक लावून पीळ भरायला सुरुवात करायची. निम्मे पीळ भरेपर्यंत जागचं हलायचं नाही. मग पीळ भरत भरत एकेक पाऊल विमानाकडे यायचं. पेनोसारखं नुसतं बोटानं पिळलं तर रबराच्या ताकदीचा बराच भाग वापरलाच जात नाही. पण शेवटपर्यंतही जायचं नाही. आधी एक लड मुद्दाम तुटेपर्यंत पिळून फेऱ्या मोजतात आणि खऱ्या उड्डाणात त्याच्या साधारण ८० टक्क्यांवर थांबतात. पूर्ण पिळलेली लड विमानात तुटली तर विमानाचं पोट फाडून बाहेर येते. म्हणून पिळताना लडीभोवती नळी घालतात.

आणि पीळ भरला की थांबायचं नाही, लगेच सोडायचं. पिळलेलं रबर बसल्या बसल्या सैल पडतं आणि जोर वाया जातो.

रबराचे शत्रू तीन. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा खिडकीत राहिलेला रबर बँड महिन्याभरात एकतर चिकट होतो, नाहीतर ताणताच तुकडे पडतात. म्हणून स्पर्धक आपलं रबर हवाबंद डब्यात, अंधारात, गार जागी ठेवतात. अंबरनाथमध्ये शाळेच्या प्रोजेक्टसाठी कुणी रबरावरचं विमान करत असेल, तर रबर कपाटातल्या बंद डब्यात ठेवा आणि विमान सकाळी लवकर उडवा. निम्मं काम तिथंच झालं.

खेळण्यातून खऱ्या विमानाकडे

पेनोची अडचण अशी की त्याला खेळण्यावर थांबायचं नव्हतं. आणि रबर खेळण्याच्या पुढे जात नाही.

कारण साधं आहे. विमान दुप्पट मोठं केलं की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. वजन उचलायला लागणारी ताकद त्याहून वेगानं वाढत जाते. माणूस बसेल एवढ्या विमानाला रबर लावायचं तर ते रबर उचलायलाच दुसरं विमान लागेल.

१८७५ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं त्याच्या अभ्यासाला पुरस्कार दिला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८७६ मध्ये, पॉल गोशो या मेकॅनिकबरोबर त्यानं एका खऱ्या विमानाचं पेटंट घेतलं. हे पेटंट आज वाचलं तर तारखेवर विश्वास बसत नाही. दोन माणसं बसतील असं एकपंखी विमान. पुढे विरुद्ध दिशांना फिरणारे दोन पंखे. जमिनीवरून आणि पाण्यावरूनही उडेल अशी रचना. उडाल्यावर आत ओढून घेता येतील अशी चाकं. बसायच्या जागेवर काचेचं झाकण. वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळवायला एकच दांडा. समोर होकायंत्र आणि उंची कळायला बॅरोमीटर. वजन सुमारे १२०० किलो, वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास, असा त्याचा हिशोब.

यातली एकेक गोष्ट पुढे विमानांत आली. चाकं आत घ्यायची पद्धत रूढ व्हायला तर १९३० चं दशक उजाडलं.

फक्त एक गोष्ट नव्हती. इंजिन. २०-३० हॉर्सपॉवर देईल आणि तरी हलकं असेल असं इंजिन तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं. योगायोग बघा, त्याच १८७६ मध्ये जर्मनीत निकोलस ऑटोनं चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं. आज गाडीत आहे त्याचा तो पूर्वज. पण ते कारखान्यात जमिनीला खिळून ठेवायचं धूड होतं, विमानात बसण्याजोगं व्हायला अजून पाव शतक लागणार होतं. त्याच वर्षी हेन्री विकहॅमनं ब्राझीलमधून रबराच्या हजारो बिया लंडनला नेल्या. त्यातूनच आशियातल्या रबराच्या बागा उभ्या राहिल्या. केरळातले आणि आपल्या दोडामार्गातले रबराचे मळे त्याच झाडाचे. पेनोचं रबर मात्र अमेझॉनच्या जंगली झाडांचं युग संपायच्या आधीचं.

गोशोबरोबरचं ते पेटंट घेऊन पेनो पैशासाठी दारोदार फिरला. कुणी मदत केली नाही. खेळण्याला टाळ्या वाजवणारे खूप होते, विमानाला पैसे देणारा एकही नव्हता. त्यात टीकाही सुरू झाली आणि तब्येत ढासळत गेली.

शेवटी त्यानं आँरी जिफारचा दरवाजा ठोठावला. जिफार म्हणजे १८५२ मध्ये वाफेच्या इंजिनावर हवाई जहाज चालवणारा माणूस. वाफेच्या यंत्रांचा एक भाग शोधून तो गडगंज झाला होता. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यानं दोराला बांधलेला एक अवाढव्य बलून उडवला आणि हजारो लोकांना आकाशातून पॅरिस दाखवलं. जागा कुठली? तीच त्विलरी, जिथं सात वर्षांपूर्वी प्लॅनोफोर उडालं होतं.

जिफारनं आधी आशा दाखवली, मग हात आखडता घेतला.

विमानाच्या इतिहासात सांगितलं जातं ते असं. पेनोनं आपले नकाशे आणि कागद एका लहानशा शवपेटीत भरले, ती पेटी जिफारच्या घरी पोचवली आणि घरी परतला. ऑक्टोबर १८८० मध्ये त्यानं आयुष्य संपवलं. वय तीस. दीड वर्षानं, एप्रिल १८८२ मध्ये, दृष्टी जात चाललेल्या जिफारनंही तेच केलं.

पण खेळणं तोवर अमेरिकेत पोचलं होतं

पेनो जिवंत असतानाच त्याच्या हेलिकॉप्टरची खेळणी दुकानांत विकली जाऊ लागली होती. १८७८ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स गावी मिल्टन राईट नावाचे एक पाद्री प्रवासाहून घरी आले. येताना त्यांनी धाकट्या दोन मुलांसाठी असंच एक खेळणं आणलं. बूच, बांबू, कागद आणि पिळलेलं रबर. मुलांनी त्याला वटवाघूळ म्हणायला सुरुवात केली. थोरला विल्बर अकरा वर्षांचा, धाकटा ऑरव्हिल सात.

खेळणं मोडलं तेव्हा त्यांनी स्वतः तसंच बनवलं आणि ते उडालं. मग मोठं बनवलं. ते उडेना. आणखी मोठं केलं, ते तर जागचं हललंच नाही. वजन आठपट होण्याचा जो नियम पेनोच्या वाटेत आडवा आला, त्याच नियमाला ही दोन पोरं अंगणात धडकली होती. त्यामागचं गणित त्यांना कळलं पुढे मोठेपणी, विमानाचा अभ्यास सुरू केल्यावर. तेव्हा त्यांनी पेनोचं कामही वाचलं.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युअल लँग्ली यांनीही १८८७ पासून रबरावरची डझनावारी मॉडेलं केली. ती काही सेकंदांपलीकडे उडेनात, म्हणून ते वाफेकडे वळले. १८९६ मध्ये त्यांचं विनामाणसाचं मॉडेल जवळपास एक किलोमीटर उडालं.

राईट बंधूंना इंजिन मिळालं, म्हणजे त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या मेकॅनिकनं, चार्ली टेलरनं, ते बनवून दिलं. पेनोकडे गोशो होता, पण त्याच्या काळात पेट्रोलवर चालणारं हलकं इंजिन नव्हतं. फरक एवढाच आणि तो सगळ्यात मोठा. १७ डिसेंबर १९०३ ला ऑरव्हिल पहिल्यांदा उडाला तेव्हा तो १२ सेकंद हवेत होता आणि त्यानं साडेछत्तीस मीटर अंतर कापलं. प्लॅनोफोरचे आकडे होते ११ सेकंद आणि ४० मीटर. अर्थात एकात माणूस होता, दुसरं दोन नाण्यांच्या वजनाचं. तुलना करू नये, तरी करावीशी वाटते.

रबरावरची विमानं त्यानंतरही थांबली नाहीत. १९११ मध्ये ब्रिटनमध्ये चार्ल्स वेकफिल्ड यांनी मॉडेल विमानांसाठी करंडक दिला, १९२८ पासून तो आंतरराष्ट्रीय झाला आणि वेकफिल्ड हे नाव रबरावरच्या विमानांना कायमचं चिकटलं. हे वेकफिल्ड म्हणजे कॅस्ट्रॉल कंपनीचे संस्थापक. कॅस्ट्रॉल हे नाव कॅस्टर ऑइलवरून, म्हणजे आपल्या एरंडेलावरून आलं. करंडक देणाऱ्याचं तेल आणि उडवणाऱ्यांच्या रबराला लावायचं तेल एकच.

आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमधल्या कॅडेटना मॉडेल विमानं बनवायला आजही शिकवतात. आणि वेकफिल्ड गटाच्या स्पर्धेत आज नियम असा आहे : विमान कमीत कमी २०० ग्रॅमचं, रबर जास्तीत जास्त ३० ग्रॅम, वंगणासकट. एवढ्या रबरावर चांगला स्पर्धक विमान तीन मिनिटं आरामात हवेत ठेवतो. बंद हॉलमध्ये उडणारी त्याहून नाजूक विमानं जेमतेम दीड ग्रॅमची असतात, त्यात रबर अर्ध्या ग्रॅमहून कमी. ती वीस-वीस मिनिटं छताखाली फिरत राहतात, पंखा इतका सावकाश की त्याची पाती डोळ्यांनी मोजता येतात.